अठ्ठेचाळीस डाव्या बाह्या

कॉलेजात मला सगळे ‘टेबल’ म्हणतात. या नावामागे प्रेमबीम काही नाही. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत सरांनी माझ्या हातात दंडाचं हाड दिलं, खांद्यापासून कोपरापर्यंतचं, आणि विचारलं, “कुठल्या बाजूचं?” मी ते समोरच्या टेबलावर ठेवलं, पुस्तकातल्या चित्राशी मनातल्या मनात जुळवलं आणि म्हणाले, “डाव्या.”

“कुणाच्या डाव्या?”

साधा प्रश्न होता. पण माझी बोबडी वळली आणि तोंडातून निघून गेलं, “टेबलाच्या.”

सर हसले नाहीत, आणि तेच वाईट झालं. दाराशी रांगेत उभ्या असलेल्या चौघांनी मात्र ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं बारसं उरकलं. हाड उजव्या बाजूचं होतं. त्यानंतरच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. येत सगळं होतं, पण घशाच्या वर चढेना. शरीररचनेत मी नापास झाले. फेरपरीक्षा चार महिन्यांनी होती, आणि आमच्याकडचा नियम असा, की त्यातही गटांगळी खाल्लीत तर पटावरून नाव कमी. पुन्हा अर्ज नाही, विनवणी नाही. गाशा गुंडाळायचा आणि घरी जायचं.

घरी म्हणजे दुकानात. आमच्या पुढच्या खोलीत आईचं शिवणाचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मी सातवीत असताना बाबा गेले, तेव्हापासून दुकान म्हणजे आई आणि आई म्हणजे दुकान. तिची मोठी बहीण, माझी मावशी, रोज दुपारी येते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून काजं करते, बटणं लावते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देते. काजं एक नंबर असतात. मतांचं आपण बोलायला नको.

मी तापट आहे. मावशी म्हणते मी आईवर गेलेय, आई म्हणते बापावर. बाबा उलट उत्तर द्यायला नाहीत, म्हणून आईचंच खरं धरायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे.

तर फेरपरीक्षेला सहा आठवडे उरले होते आणि माझा अभ्यास बरा चालला होता, तेव्हा आई स्टुलावरून पडली. वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढत होती. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लॅस्टर लागलं, कोपराच्या खालपासून बोटांच्या मुळापर्यंत. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, लपवून काय करू? आईची दया नंतर आली. आधी वाटलं, माझ्याच परीक्षेला हे मुहूर्त बरोबर सापडतात.

त्यात पंधरवड्यापूर्वीच आईने मोठी ऑर्डर घेतली होती. एका कारखान्याच्या कामगारांसाठी निळ्या ड्रिलचे चोवीस कोट. ड्रिल म्हणजे जाड, चिवट कापड, सुलट बाजूला तिरक्या रेघा असतात आणि उलट बाजू मळकट दिसते. कोट द्यायची तारीख होती ती नेमकी माझ्या तोंडी परीक्षेची. कोट सकाळी नऊला, मी दहाला.

“ऑर्डर परत करू या,” मी म्हणाले.

“शब्द दिलाय,” आई म्हणाली.

“हात मोडलाय तुझा.”

“तुझे दोन आहेत ना?”

झालं. मग मी वेळापत्रक केलं. पहाटे चार ते सात अभ्यास. मग आईची आंघोळ, तिची वेणी, तिच्या ब्लाउजची बटणं, चहा. आठ ते एक कॉलेज. दुपारी दोन ते आठ दुकान. आठनंतर जेवण आणि झोप, कारण पहाटे उठायचं तर रात्री जागणं हा मूर्खपणा आहे, हे मी एकदा नापास होऊन शिकले होते. कागद छान दिसत होता. भिंतीवर डकवला. मावशीने चष्मा पुसून तो वाचला आणि म्हणाली, “यात श्वास कधी घ्यायचा ते लिहायचं राहिलं गं.”

पहिले दोन आठवडे मी तो कागद पाळला. आई खुर्चीत बसून सांगायची, मी बेतायचे. बेतणं मला लहानपणापासून येतं. खडूने आखायचं, खुणा करायच्या, कात्री उचलायची नाही, नुसती पुढे सरकवायची. पण कापड कापताना डोकं रिकामं राहतं, आणि रिकामं डोकं मला परवडत नव्हतं. म्हणून मी एक शक्कल काढली. कात्री चालू असताना मोठ्याने पाठ म्हणायचं. दंडाचं हाड, त्याचं डोकं, मान, खोबणी, कुठला स्नायू कुठे चिकटतो, कुठली नस कुठून जाते. मावशी मध्येच विचारायची, “आज कुणाचा हात चाललाय?” मी म्हणायचे, “अनोळखी माणसाचा.” एका दगडात दोन पक्षी मारतेय म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना मी पहिल्या कोटाला बाह्या जोडायला घेतल्या. कोट लाकडी बाहुल्यावर चढवला. डावी बाही टाचण्यांनी लावली, अगदी झकास बसली. उजवी लावली, तर मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, ओढ येऊ लागली. बाहीच्या वरच्या कडेचा पुढचा खोल घोळ मागे जात होता. मी टाचण्या काढल्या, फिरवून पाहिलं. घोळ जागेवर आला, पण कापडाची मळकट बाजू बाहेर. मला वाटलं, कोटच वाकडा बेतला गेलाय. दुसरी बाही घेतली. तेच. तिसरी. तेच. मग मी गठ्ठाच टेबलावर पसरला आणि एकेक बाही पाहत गेले. प्रत्येकीची पुढची खूण एकाच बाजूला होती.

बाह्या बेतताना कापड तोंडाला तोंड लावून ठेवायचं असतं, सुलट बाजूवर सुलट बाजू. मग एका कापात एक डावी आणि एक उजवी निघते. हे आमच्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं, कारण झाडूही मीच मारते. पण त्या दुपारी मी कापडाचे थर सगळे एकाच तोंडाने रचले होते, एकावर एक, भराभर, नस कोपराच्या मागून कशी जाते ते घोकत घोकत.

मावशी सुई तशीच धरून गठ्ठ्याकडे बघत राहिली. “अगं,” ती म्हणाली, “या चोवीस माणसांना दोन्ही हात डावेच का?”

अठ्ठेचाळीस बाह्या. अठ्ठेचाळीसही डाव्या.

आई मागच्या खोलीतून आली. तिने एक बाही उचलली, डाव्या हातानेच झटकली, खूण पाहिली. दुसरी पाहिली. मग तिचा आवाज चढला.

“डोकं कुठे ठेवलं होतंस? थर रचताना एकदा तरी बाही अंगाला लावून बघितलीस?”

“टेबलावर बरोबर दिसत होत्या!”

“टेबलावर सगळ्याच बरोबर दिसतात! बाही टेबलावर डावी नसते आणि उजवीही नसते. अंगाला लावली की होते. किती वर्षं सांगतेय? आधी स्वतःच्या अंगाला लाव, मग कात्री लाव.”

“मग तूच करायचं होतंस!” मी ओरडले. “मी काय काय करू? तुझी वेणी, तुझा चहा, तुझे कोट! माझं नाव कमी होणार आहे नऊ दिवसांनी, ते कुणाला दिसतंय का या घरात?”

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” मावशी पुटपुटली. आमच्या टेबलावर त्या क्षणी ते शब्दशः खरं होतं.

मी मागच्या खोलीत गेले आणि रडले. चांगली अर्धा तास रडले. आणि रडता रडताच ते वाक्य माझ्या डोक्यात पुन्हा वाजलं. टेबलावर डावी नसते आणि उजवीही नसते. सरांचा प्रश्न आठवला. कुणाच्या डाव्या? मी माझा सगळा अभ्यास चित्रांवरून केला होता. चित्रं सपाट असतात. खरं हाड मी वर्षभरात प्रयोगशाळेत इतरांच्या खांद्यांवरून वाकून बघण्यापलीकडे हाताळलंच नव्हतं. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी हाडांची पेटी सही करून घरी नेली होती. मीच तेवढी नेली नव्हती, कारण आईने उंबऱ्याच्या आत आणायला मनाई केली होती. “या टेबलावर लोकांचे कपडे बेतले जातात,” ती म्हणाली होती. “तिथे मेलेल्या माणसाची हाडं दिसली तर मापं द्यायला कोण येईल?” तेव्हा मीही फार भांडले नव्हते. आईला दोष द्यायला एक कारण हाताशी असलेलं बरं असतं.

मी तोंड धुतलं आणि बाहेर आले. आई उरलेलं ड्रिल मोजत होती, टेपचं एक टोक दातांत धरून. अडीच मीटर होतं. चोवीस उजव्या बाह्यांना पाच लागले असते. मावशी कापडवाल्याकडे जाऊन आली होती. त्या निळ्याचा तागा संपला होता, नवा यायला पंधरा दिवस.

“अडीच मीटरमध्ये अर्ध्या बाह्या निघतील,” मी म्हणाले. “चोवीस उजव्या अर्ध्या. आणि डाव्यांतल्या चोवीस कापून अर्ध्या करायच्या.”

“ऑर्डर पूर्ण बाह्यांची आहे,” आई म्हणाली.

“मग विचारू या.”

“विचारू या नाही. तू विचारायचंस. ज्याने चूक केली त्याने सांगायची.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून मी सरळ कारखान्यावर गेले. आई फाटकापाशी उभी होती, गळ्यात अडकवलेला हात घेऊन. ती आत बोलणार नव्हती, नुसती सोबत येणार होती. पाळी सुटत होती, माणसं बाहेर पडत होती. मी त्यांचे हात बघत राहिले. जुने पूर्ण बाह्यांचे कोट होते आणि प्रत्येकाने बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या. कुणी दोऱ्याने बांधल्या होत्या, एकाने तर रबर लावलं होतं.

भांडारप्रमुख जाड चष्म्याचे गृहस्थ होते. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. थर चुकीचे रचले, सगळ्या बाह्या एका बाजूच्या झाल्या, चूक माझी. ते आईकडे बघू लागले. आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“आणि हे तुम्ही कशाच्या नादात केलंत?” त्यांनी विचारलं.

“अभ्यासाच्या.”

“कसला अभ्यास?”

“डॉक्टरकीचा.”

“मग बरं झालं, कापडच कापलंत.” ते खो खो हसले. मला त्यांचा चष्मा काढून फेकून द्यावासा वाटला. पण मी म्हणाले, “तुमच्या माणसांच्या बाह्या बघितल्या मी आत्ता फाटकावर. सगळे दुमडतात. एकाने रबर बांधलंय. यंत्राजवळ लोंबती बाही अडकली तर हात जाईल. अर्ध्या बाह्या घ्या.”

ते हसायचे थांबले. उठून आत गेले, कुणाशीतरी बोलले, परत आले. “साहेब हो म्हणताहेत. पण तारीख तीच. सकाळी नऊ म्हणजे नऊ.”

परतल्यावर आई दुकानाचं कुलूप काढता काढता म्हणाली, “ते तुझं खोकं घेऊन ये उद्या.”

“कुठलं खोकं?”

“हाडांचं. आणि दारं बंद ठेवत जाऊ दुपारी तासभर.”

मी सही करून पेटी आणली. साधी लाकडी पेटी, कडी लावलेली, आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडं. मावशीने खुर्ची दोन फूट मागे सरकवली. आईने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, धुतलेली चादर अंथरली, तिची सगळ्यात चांगली, आणि म्हणाली, “ठेव.”

मी दंडाचं हाड काढलं. आईने डावा हात पुढे केला. मी तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट फिरवून पाहिलं.

“कोण होता गं हा?”

“माहीत नाही. नाव नसतं.”

“ठेंगणा होता,” ती म्हणाली. तिने हाड आपल्या दंडाशी धरलं, मग टेप मागितला. “याची बाही बाविसाची. फार तर साडेबावीस.” मग माझ्या हातात परत दिलं. “आता सांग, कुठल्या हाताचं.”

मी सवयीने ते टेबलावर ठेवायला गेले. तिने माझ्या मनगटावर चापट मारली, प्लॅस्टरच्या हाताने, आणि स्वतःच कळवळली.

“अंगाला लाव!”

मी ते माझ्या दंडाला लावलं. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला, खांद्याच्या खोबणीकडे. खालची, कोपराची मोठी खोबण मागे. उजव्या दंडाला लावलं तर डोकं बाहेर जात होतं, डोकं आत आणावं तर खोबण पुढे येत होती. परवा बाही बसली नव्हती, अगदी तसंच. डाव्या दंडाला लावलं. सगळं आपापल्या जागी बसलं.

“डावं,” मी म्हणाले.

“कुणाचं?”

आईला ती गोष्ट ठाऊक होती, मीच रडत सांगितली होती. पण तिने थट्टेने विचारलं नव्हतं.

“याचं,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी ठरवल्या. कात्री हातात असताना तोंड बंद. आणि हाडं हातात असताना कोट या जगात नाहीत. भिंतीवरचा जुना कागद मी फाडून टाकला. दुपारी दोन ते तीन दार बंद, टेबलावर चादर, आई एकेक हाड पेटीतून काढून देणार, मी अंगाला लावून बाजू सांगणार. तीनला चादर काढायची, टेबल पुसायचं, कापड पसरायचं. मावशीची खुर्ची तिसऱ्या दिवशी एक फूट पुढे आली, पाचव्या दिवशी जागेवर. सहाव्या दिवशी तिने हसळीचं हाड स्वतःच्या गळ्याखाली धरून आरशात पाहिलं आणि म्हणाली, “माझं यापेक्षा नाजूक असेल, नाही?”

आई मला नावं विचारायची नाही. तिला ती येत नव्हती. ती शिंपिणीचे प्रश्न विचारायची. हे पुढून कुठलं, मागून कुठलं? याची वरची कड कुठली? हे ज्याच्याशी जोडतात ते कुठाय? इथे हा खड्डा कशाला? कुणी उगीच खड्डा ठेवत नाही, काहीतरी बसत असणार. मी सांगायचे, आणि सांगता सांगता घोकलेलं सगळं हाडांवर येऊन बसायला लागलं. स्नायू कुठे चिकटतो हे मला आता आठवावं लागत नव्हतं. तिथे खरखरीत जागा असायची, बोटाला लागायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला बावीस कोट घड्या घालून तयार होते. दोन उरले होते. एकाची कड टिपायची, दुसऱ्याच्या उजव्या बाहीची अर्धी शिवण बाकी. मी मशीनवर होते. आई डाव्या हाताने बटणांचे धागे तोडत होती, मावशी दातओठ खाऊन काजं करत होती.

“ऊठ,” आई म्हणाली. “तुझी वेळ झाली.”

“एवढी शिवण संपवते. दहा मिनिटं.”

“ऊठ म्हणते ना!”

“शब्द दिलाय ना तू? नऊ म्हणजे नऊ! मी अर्धं टाकून जाऊ?”

आईने वाकून मशीनची पिन भिंतीतून उपटली. मोटर बंद पडली. सुई कापडात तशीच अडकून राहिली.

“तो माझा शब्द आहे,” ती म्हणाली, “माझा मी बघेन. तुझा तू बघ.”

“कसं बघशील? एका हाताने?”

“चाक हाताने फिरवीन. मावशी कापड धरेल.”

“मी?” मावशी म्हणाली. तिने मशीनला आयुष्यात हात लावला नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हो, मी. जा तू. घोडामैदान जवळ आलं नि ही इथे बाही कुरवाळत बसलीय.”

मला राग आला, इतका की रस्त्यात मी दोनदा परत फिरणार होते. तो राग आईचा नव्हता. या दिवसाचा होता, ज्यात मी एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवी होते आणि एकीकडे तरी कमी पडणारच होते. बसमध्ये उभं राहून मी ठरवलं, कमी पडायचं तर इकडे नाही. इकडे आईने मला पाठवलंय.

रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, “टेबल आली.” मी वळून म्हणाले, “हो, आली.” पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

आत तेच सर होते. समोर तेच टेबल. त्यांनी ट्रेमधून दंडाचं हाड उचललं आणि मला वाटतं त्यांना मी आठवत होते, कारण ते देताना क्षणभर थांबले. माझे हात स्थिर होते, इतक्या टाचण्या लावल्यावर ते स्थिर राहणारच. मी हाड टेबलावर ठेवलं नाही. उजव्या दंडाला लावलं. डोकं आत, कोपराची खोबण मागे. बसलं.

“अंगाला कशाला लावताय?” सरांनी विचारलं.

“सर, टेबलावर डावं-उजवं कळत नाही. अंगाला लावलं की कळतं. उजवं आहे.”

“कुणाचं?”

तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी हाताखालचं हाड चाचपून पाहिलं.

“ज्याचं होतं त्याचं, सर. नाव माहीत नाही. उंच माणूस होता. त्याला बाही पंचविसाची लागली असती.”

सरांनी चष्मा काढला. “पंचवीस कशावरून?” त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. मग त्यांनी स्नायू विचारले, नसा विचारल्या, कोपराच्या मागून जाणारी नस विचारली, तीच, जिच्या नादात माझ्या अठ्ठेचाळीस बाह्या डाव्या झाल्या होत्या. मी हाडावर बोट ठेवून ती कुठून जाते ते दाखवलं. या वेळी शब्द घशात अडकले नाहीत. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, “ठीक आहे,” आणि पुढच्याला बोलावलं.

घरी पोचले तेव्हा दुकान बंद होतं. मी दारातच पायरीवर बसून राहिले. एकेक कोट मोजून देऊन, पावती घेऊन सव्वाबाराला दोघी रिक्षातून उतरल्या, रिकाम्या हातांनी.

“नऊला दोन मिनिटं कमी होती,” मावशीने रिक्षातूनच ओरडून सांगितलं. “शेवटच्या बाहीची शिवण मी धरलीय! जरा वाकडी आहे. त्या माणसाने हात वर नाही केला तर कळणार नाही.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “अंगाला लावलं.” तिने मान हलवली आणि कुलूप काढलं.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. फलकावर माझा क्रमांक होता. मी तो तीनदा वाचला, बोट ठेवून. ‘टेबल’ हे नाव काही गेलं नाही, ते आता डॉक्टर झाल्यावरही मागे लागणार. लागू दे. पण हाडाची बाजू ओळखायला वर्गातली निम्मी पोरं आता माझ्याकडे येतात, आणि मी एकालाही हाड खाली ठेवू देत नाही.

पेटी परत करायची होती. आईचं प्लॅस्टर त्याच आठवड्यात निघालं होतं, हात अजून बारीक आणि दुबळा होता, बोटं नीट मिटत नव्हती. मी दुपारी कॉलेजातून आले तर पेटी टेबलावर उघडी होती. वर्तमानपत्रं गायब. प्रत्येक हाड निळ्या ड्रिलच्या पिशवीत होतं, तोंडाला नाडी, वर खडूने लिहिलेलं डावं किंवा उजवं. वाया गेलेल्या त्या चोवीस बाह्या. टाके वाकडेतिकडे होते, काही लांब, काही आखूड. आईच्या हातून असे टाके मी आयुष्यात पाहिले नव्हते. प्लॅस्टर असताना तिने डाव्या हाताने घातले होते, मी पहाटे मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेली असताना.

दंडाच्या हाडाला मात्र पिशवी नव्हती. त्याला अख्खी बाही होती, न कापलेली, मुंढ्यासकट, मनगटाला बाविसावर दुमडून नीट शिवलेली.

“पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरं नेईल ही पेटी,” मी म्हणाले. “ते विचारेल ही काय भानगड आहे.”

“सांग त्याला,” आई म्हणाली. तिने पेटीची कडी लावली, नव्या, अशक्त उजव्या हाताने, तीन प्रयत्नांत, मला मदत करू न देता. “अठ्ठेचाळीसमधली एक तरी पूर्ण बाही बरोबर माणसाला गेली.”